मिस एच. व्ही. पेटिग्रू उभ्या राहत नाहीत

"मिस, तुमच्या नावातला तो एच कशाचा?"

विचारून टाकलं एकदाचं. दोरीवरच्या ओल्या चादरींमागे टेनी आणि लुव्हेनिया तोंडात एप्रनचे बोळे कोंबून हसू दाबत होत्या. विचारलंस तर आठवडाभर तुझ्या वाटणीची चुलीतली राख आम्ही काढू, अशी पैज होती, आणि अर्मिंडा कोट्स पैजेला नाही म्हणणाऱ्यातली नव्हती. कनूची नावाच्या त्यांच्या कॉलेजात हा प्रश्न आजवर कुणी तोंडाबाहेर काढला नव्हता. पाटीवर मिस एच. व्ही. पेटिग्रू, सहीतही तेवढंच. मुलींनी हॅना, हल्डा, हेफ्झिबा अशी बायबलातली सगळी नावं लावून बघितली होती.

मिस पेटिग्रूंनी हातातली चादर झटकली, चिमटा लावला आणि मुळीच न रागावता सांगायला लागल्या. नदीकाठचं कापसाचं जुनं गोदाम घेऊन त्यांनी दारावर 'कॉलेज' अशी पाटी ठोकली तेव्हा आत सगळे मुळाक्षरंच गिरवत होते. गोरे लोक घोडागाड्या थांबवून पाटी वाचायचे आणि पोट धरून हसायचे. मग एक सरकारी साहेब आला. नाव काय तुझं? मिस पेटिग्रू. ते नव्हे, तुला हाक काय मारतात? मिस पेटिग्रूच मारतात. साहेब वाट बघत बसला, याही बसल्या. साहेबाला जेवायला जायचं होतं, यांना काही घाई नव्हती.

जॉर्जियात रिवाजच तसा. गोऱ्याच्या शेंबड्या पोरानं काळ्या आजीलाही नावानं आणि एकेरीतच हाक मारायची. काळ्या बाईला 'मिस' म्हणायचं झालं तर त्यांच्या जिभेला चटके बसायचे. पण नावच हाती लागू दिलं नाही तर हाक मारणार कशी?

"माझं नाव माझ्या आईला माहीत होतं, ती गेली. आता मला माहीत आहे. तेवढं पुष्कळ झालं, मिस कोट्स."

मुलींनाही त्या अहो-जाहोच करायच्या. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी 'मिस कोट्स, आत या' म्हटलं, तेव्हा अर्मिंडानं मागे वळून बघितलं होतं, ही कोण बाई आली म्हणून. आता तेच ऐकलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची. ही ताठ मान घरी आईला खुपायची. अशी मान घेऊन रुडिसिलबाईंकडे कशी टिकशील, असं ती बडबडायची.

कारण तेही ठरून गेलं होतं. आई बँकवाल्या रुडिसिलांचं धुणं करायची आणि बाईंना उन्हाळ्यापासून घरकामाला मुलगी हवी होती. त्या घरात कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला डेझीच म्हणत. नवं नाव कोण पाठ करणार? आताची डेझी लग्न करून चालली होती, पुढची डेझी अर्मिंडा. सुटकेची वाट एकच होती. फिलाडेल्फियाहून मदत मंडळाचे पाहुणे येणार होते. त्यांनी नव्या इमारतीला हो म्हटलं की कॉलेजचा वरचा वर्ग सुरू होणार, शिक्षक घडवणारा, आणि पाटीवरचा शब्द खरा होणार. बाबांनी शब्द दिला होता की इमारत उभी राहिली तर बघू. बाबांचं 'बघू' म्हणजे निम्मं हो, हे अर्मिंडाला पक्कं ठाऊक होतं.

पाहुण्यांच्या दिवशी गोदामाची फरशी अशी घासली होती की चालताना पाय सरकत होते. व्यासपीठावर फिलाडेल्फियाचे मिस्टर फेनविक, त्यांच्या शेजारी गावातर्फे मिस्टर रुडिसिल आणि टोकाच्या खुर्चीत मिस पेटिग्रू. मागच्या बाकांवर आईबाप, बाबा धुतलेल्या शर्टात, आई मात्र रुडिसिलांच्या धुण्यावर. गाणी झाली, पाढे झाले, भूमितीचा एक सिद्धांत लुव्हेनियानं एका दमात म्हणून टाकला. मग रुडिसिलसाहेब उठले. काळ्यांच्या या शाळेवर आमचं किती प्रेम, वगैरे बोलून झालं, आणि म्हणाले, आता आपली हॅटी दोन शब्द बोलेल. पाटीवरच्या एचवरून हे नाव त्यांनी स्वतःच लावून टाकलं होतं.

मिस पेटिग्रू हलल्या नाहीत. हात मांडीवर, नजर समोर.

साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा म्हटलं, हॅटी, ये पुढे, लाजू नकोस. फेनविकसाहेब हातातल्या हॅटची कड न्याहाळायला लागले, जणू तिथे काही छापलेलं होतं. सगळं कळत होतं अर्मिंडाला. बाईंनी एकदा उठायचं होतं, बस्स, की इमारत मिळणार होती, वरचा वर्ग मिळणार होता, डेझी टळणार होती. आणि कळत असूनही ती मनात म्हणत होती, उठू नका, मिस, उठू नका.

"हॅटी, उभी राहा म्हटलं ना," साहेबांचा आवाज चढला.

उभी राहिली ती अर्मिंडा. आवाज निघाला तो खणखणीत.

"साहेब, या कॉलेजात हॅटी नावाचं कुणी नाही. तुम्हाला मिस पेटिग्रू हव्या असतील तर त्या तुमच्या शेजारीच बसल्यात."

मागून कुणीतरी 'आमेन' म्हणालं, अगदी हळू. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, तितकं हळू नाही.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. कोंबड्या, रताळी, काकवीचा केक, सगळं मुलींनीच खाल्लं, पण अर्मिंडानं आपलं ताट टेनीपुढे सरकवलं. दोन दिवसांनी चर्चचे रेव्हरंड स्टोकली मंडळाचा निरोप घेऊन आले. मंडळ इमारत बांधून द्यायला तयार होतं, फक्त शाळेवर दुसरा, जरा समजूतदार प्रमुख नेमायचा. चर्चच्या पंचांची बैठक गोदामातच भरली. सगळ्यात म्हातारे ब्रदर रॅन्सम म्हणाले, या गोदामाचं छप्पर आम्ही घातलं तेव्हा फिलाडेल्फिया कुठं होतं? वर माळा आहे, त्याला फळ्या ठोका, खिडक्या काढा, तिथं बसवा वर्ग. मंडळाला नकार गेला. पगारी शिक्षक आणणं आता जमणार नव्हतं, म्हणून मिस पेटिग्रूंनी तोड काढली. वरच्या वर्गातल्या मुली सकाळी लहानांना शिकवतील आणि दुपारनंतर स्वतः शिकतील.

अर्मिंडा त्यांच्यापुढे खाली मान घालून उभी राहिली. माझ्यामुळे इमारत गेली, असं पुटपुटली.

"इमारत माझ्या न उठण्यामुळे गेली, मिस कोट्स. ते श्रेय माझं आहे, त्यात वाटा मागू नका."

त्याच दिवशी रुडिसिलबाईंचा निरोप घरी पोचला. मुलीला सोमवारी पाठव, आल्याआल्या साहेबांची माफी मागू दे, नाहीतर धुणं दुसरीकडे देऊ.

आई चुलीपाशी मक्याची भाकरी उलटत होती आणि सगळा राग भाकरीवर काढत होती. एवढ्या माणसांत तुलाच काय बोलायचं अडलं होतं? जन्म गेला माझा त्यांचे कपडे धुण्यात, कधी ब्र काढला का मी? बाबा दारात बसून बुटाची नाडी सोडत होते, सुटलेली नाडी पुन्हा बांधत होते. शेवटी आई दमली. मग तिनं पाठ न वळवता विचारलं, "शेवटपर्यंत उठल्या नाहीत?"

"नाहीत," बाबा म्हणाले. "ती खुर्ची जणू जमिनीतून उगवली होती, पार्थेनिया. तू बघायला हवं होतंस."

आईचे खांदे हलले. ती हसली की रडली ते अर्मिंडाला दिसलं नाही, आणि आईनं ते दिसू दिलंही नाही. उलथनं खाली ठेवून ती म्हणाली, हसून पोट भरत नाही, सोमवारचं काय ते सांगा.

बाबांनी अर्मिंडाकडे बघितलं. आजवर अशा वेळी ते आईकडे बघायचे.

"मी रुडिसिलांकडे जाणार नाही," अर्मिंडा म्हणाली. "माफीही मागणार नाही. धुणं गेलं तर कॉलेजच्या मुलींचं धुणं आपण घेऊ, मी मिस पेटिग्रूंना विचारून आलेय, आणि आई, तुझ्याबरोबर रोज संध्याकाळी टबाशी मी उभी राहीन. पण सोमवारी सकाळी मी कॉलेजात असणार. पहिलीची मुलं मला दिलीत. मी शिक्षिका होणार आहे, बाबा, आणि याला 'बघू' म्हणायचं नाही."