गोणीवरचे झाड

मित्रांनो, मला पालथी करून नाक लावलेत तर अजून मिठाचा वास येईल. सत्तर वर्षे होऊन गेली, तरी तो गेलेला नाही आणि मीही त्याला जाऊ दिलेले नाही. मी एक जुनी मिठाची गोणी आहे. लोक मला चित्र म्हणतात. म्हणोत बापडे. चित्र माझ्या एका अंगाला आहे. दुसऱ्या अंगाने मी गोणीच आहे.

कलकत्त्याच्या एका गिरणीत मी विणली गेले. मालगाडीने ठाण्याला आले आणि तिथून खाडीकाठच्या मिठागरात. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने बोटे चिरलेली माणसे मला पाठीवर घेऊन अरुंद बांधावरून होडीपर्यंत नेत. चार हंगाम मी मीठ वाहिले, एकदाही उसवले नाही. "ही गोनी फाटाची नाय," असे मुकादम म्हणायचा. मग एका उंदराने माझा कोपरा कुरतडला आणि मला घडी करून फेकून दिले.

तुळसाने मला उचलले. ती मिठागरातल्याच घरची, पंचविशीची. डोक्यावर टोपली घेऊन डोंबिवलीत दारोदार मीठ विकायची. ओले मीठ गळू नये म्हणून तिने मला टोपलीखाली घातले.

१९५२ च्या वैशाखात एका सकाळी ती विमलाबाईंच्या पडवीत टोपली उतरवून बघतच राहिली. पन्नाशीच्या विमलाबाई पाटावर बसून रंगाच्या नळीचे घट्ट टोपण गरम पाण्यात भिजवत होत्या.

"काय गो बाय, चुलीवं भात ठेवायचा सोडून ह्यो काय मांडलाय?"

"रंग आहेत, तुळसा. तेलरंग. आमच्या ह्यांनी घेतले होते, पण पेटी कधी उघडलीच नाही. अगं, तुझ्याकडे एखादी गोणी आहे? खरा कॅनव्हास मुंबईहून आणावा लागतो म्हणे."

विमलाबाई तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेतून परतल्या होत्या. त्यांचे यजमान तिथल्या रेल्वेत होते. नैरोबीच्या पुढे एका लहान स्टेशनाशी त्यांचे घर होते. घरासमोर नजर पोहोचेल तिथवर पिवळे गवत आणि त्या गवतात एकच झाड. बावीस वर्षे दोघे रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्या झाडाशी सूर्य बुडताना बघत. मग यजमान तिथेच वारले आणि विमलाबाई धाकट्या दिराकडे, डोंबिवलीला आल्या.

"काल मला आठवेना," त्या तुळसाला म्हणाल्या, "सूर्य झाडाच्या डावीकडे बुडायचा की उजवीकडे. बावीस वर्षं पाहिलेलं, आणि आठवेना! उद्या झाडही विसरेन. फोटो नाही, काही नाही. त्याआधी मला ते काढून ठेवायचंय."

तुळसा हसली. "त्याच्यात काय आठवायचा? सूर्य एका जागी कवा बुडतो? आमच्याकडं थंडीत तो ह्या बांधावं बुडतो, उन्हाल्यात त्या बांधावं."

विमलाबाईंच्या हातातली नळी तशीच राहिली. "म्हणजे दोन्हीकडे," त्या हळूच म्हणाल्या. "हे गेले तेव्हा मार्गशीर्ष होता. तेव्हा डावीकडे होता. हो, डावीकडेच."

तुळसाने मला तीन पाण्यांतून धुतले. आफ्रिकेहून सामान ज्या खोक्यातून आले, त्याच्या फळ्या कापून मारुती सुताराने चौकट केली आणि मला तिच्यावर ताणून खिळे ठोकले. सरस आणि खडूचा लेप अंगावर बसला, तसे माझे राठ धागे बुजले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आत काही भरायचे नव्हते.

शिकवायला शाळेतले चित्रकलेचे परशुराम मास्तर येत. माणूस चांगला होता. "बाई, तेलरंगात घाई चालत नाही," असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. "खालचं वाळल्याशिवाय वर हात लावायचा नाही. ओलं असेपर्यंत चिंधीने पुसता येतं. एकदा वाळलं की पुसून जायचं नाही."

बाईंनी पहिली चूक तिथेच केली. ओल्या निळ्या आभाळावर त्यांनी पिवळा सूर्य ठेवला आणि तो हिरवा झाला.

"सूर्याला शेवाल धरलाय गो बाय!" तुळसा दारातूनच ओरडली.

"वहिनी, त्यापेक्षा रांगोळी काढा," दीर गुणाजी म्हणाले. "निदान वास तरी येत नाही."

"भाऊजी, रांगोळी संध्याकाळी झाडून टाकतात," बाई म्हणाल्या आणि चिंधीने हिरवा सूर्य पुसायला लागल्या.

पावसाळा आला. हवेला ओल, रंग वाळता वाळेना. माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्यात उरलेले मीठ पाझरायचे. बाई रोज बोट लावून बघत आणि थांबत. एक थर, मग पंधरा दिवस वाट. आधी आभाळ, मग गवत, मग डावीकडे लालबुंद सूर्य. झाड श्रावणाच्या आधीच काढून झाले होते. बारीक खोड, त्याला आडव्या फांद्या, आणि वर एकदम सपाट, पसरट पाला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "सूर्य उत्तम. गवतही साधलंय. झाड तेवढं चुकलं. विळीवर कापल्यासारखं सपाट झाड असतं का कुठे? ही तर छत्री झाली! झाडाला घेर पाहिजे. आंबा बघा."

"हा आंबा नाही, मास्तर. बाभळीच्या जातीचं आहे. तिथे असंच असतं."

"तुम्हाला तसं आठवतं," मास्तर समजुतीने म्हणाले.

मित्रांनो, माझ्यात टाके घातलेत तरी दुखत नाही, पण ते वाक्य मला बोचले. शेजारपाजारचे बघून गेले, तेही तेच बोलले. असे झाड कुणी पाहिले नव्हते, म्हणून ते नव्हतेच. बाई आठ दिवस माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. एकदा त्यांनी हिरव्या रंगाची नळी उघडलीही. मग त्या स्वतःशीच बोलल्या, "त्याची सावली चटईसारखी पडायची. हे दुपारी तिच्यावर पालथे झोपायचे, पाय उन्हात यायचे नाहीत. गोल झाडाची सावली अशी पडेल का?" त्यांनी नळी बंद केली.

नवरात्रात महिला मंडळाचे प्रदर्शन होते. भरतकाम, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, आणि मी. मांडणी मास्तरांकडे होती. आदल्या संध्याकाळी मला तिथे पोचवले. सकाळी मास्तर लवकर आले, माझ्यापुढे उभे राहिले आणि खिशातून कुंचला काढला. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पोराचे शुद्धलेखन तपासावे तसे त्यांनी माझे झाड तपासले. भराभर हात फिरवून पाल्याला गोल, गुबगुबीत घेर दिला. थोड्याच वेळात माझ्या माळरानावर मोहोर यायचा बाकी असलेला आंबा उभा राहिला.

बाई आल्या. मागे टोपली घेऊन तुळसा. बायका जमल्या होत्या.

"बघा, आता कसं झाड वाटतंय!" मास्तर म्हणाले. "थोडं सुधारलं मी."

 बाईंनी पुढे होऊन आंब्याला बोट लावले. बोट हिरवे झाले.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "तुळसा, चौकट पुसायला आणलेली माझ्या पिशवीतली बाटली दे. आणि चिंधी."

"अहो बाई, काय करताय? सगळं चित्र जाईल!"

"मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना? ओलं पुसता येतं. वाळलेलं जात नाही."

रंग विरघळवणाऱ्या टर्पेंटाइनचा गार हात माझ्यावरून फिरला. एकदा, दोनदा. आंबा चिंधीवर आला. त्याच्याखाली अडीच महिने वाळलेले माझे झाड जसेच्या तसे उभे होते. सपाट, काटेरी, ताठ.

"गेला त्याचा आंबा!" तुळसा टाळी वाजवून म्हणाली. बायका पदराआड हसल्या.

मास्तरांचे कान लाल झाले. "मग हे मी भिंतीला लावणार नाही. लोक मला हसतील."

"नका लावू. मी धरून उभी राहते."

आणि त्या उभ्या राहिल्या, दाराशी, मला छातीशी धरून. दमल्या की एक बाजू तुळसा धरी. येणारा प्रत्येक जण विचारी, "हे कसलं झाड?" आणि बाई प्रत्येकाला सांगत, "आमच्या दारातलं." दुपारनंतर मास्तर गुपचूप स्टूल घेऊन आले आणि बाईंच्या मागे ठेवून गेले. बसल्या नाहीत त्या.

पुढे बाई थकल्या, तेव्हा त्यांनी मला तुळसाच्या हवाली केले. "गोणी तुझीच ना? ने." आज मी डोंबिवलीशेजारच्या कोपर गावी तिच्या नातीच्या भिंतीवर आहे. पावसाळ्यात माझा कोपरा अजून पाझरतो. मध्यंतरी कुणी पाहुणा म्हणाला, एखाद्या चित्रकाराकडून हे झाड नीट करून घ्या.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने पुसा. माझे खिळे गंजलेत, ते बदला. कोपऱ्याला एक टाका घाला. एवढे केलेत तर उपकार मानीन. पण झाडाला हात लावू नका. ते पाहिलेल्या माणसाने काढले आहे, आणि ते वाळलेले आहे.