झाकणावरचा नेम

दानीएल साळवे सोनईत सुतारकाम करायचा. त्याचा एकुलता एक मुलगा यशया फौजेत रणगाड्यावर होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा बापलेकांनी मिळून जत्रेसाठी नेमबाजीचा खेळ तयार केला. लाकडी चौकटीत दोन उभे रूळ, त्यांवर गुंडाळलेला जाड कापडाचा लांबलचक पट. हँडल फिरवलं की डोंगर, नदी, पूल असं सगळं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जायचं आणि मधूनच पत्र्याचे छोटे रणगाडे यायचे. ते पुढे निघून जायच्या आत छर्र्याच्या बंदुकीनं टिपायचे. रणगाडे यशयानंच कापले, रंगवले. प्रत्येकाच्या माथ्यावरच्या, शिपायांनी आत-बाहेर करायच्या झाकणाला त्यानं बारीक घंटी लावली.

"बाकी कुठं बी लागू दे, बक्षीस न्हाई," तो हसत म्हणाला होता. "झाकणावर लागलं तरच."

डिसेंबरच्या लढाईत यशया गेला. देहसुद्धा घरी आला नाही. त्याची आई मेरी रडली नाही. चुलीपुढं बसून ती एकच विचारायची, "लई तरास झाला असंल का वं त्याला?"

दानीएलला काय ठाऊक असणार?

चैत्रात त्यानं खेळ जत्रांतून मांडायला सुरुवात केली. पोराच्या हातचं काम लोकांनी बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. लढाई नुकतीच जिंकलेली. गर्दी हटत नसे. हँडल फिरवत तो ओरडायचा, "झाकणावर मारा, झाकणावर!"

देवळाली प्रवराच्या जत्रेत एका तरुणानं बंदूक उचलली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. पहिला रणगाडा सरकत आला, दानीएल ओरडला, आणि तरुणानं बंदूक खाली ठेवली.

"हे रनगाडे कुनी केले, मामा?"

"माझ्या पोरानं. यशयानं."

तरुण खालीच बसला. त्याचं नाव भिमाजी, इथलाच, देवळालीचा. तो यशयाच्या शेजारच्या रणगाड्यावर होता. दानीएलनं खेळ थांबवला, त्याला पालामागं नेलं आणि म्हणाला, "आसंल ते सांग."

"गोळा बसला, आग लागली. झाकन अडकलं हुतं, मामा. तो आतून ठोकत हुता. मी वर चढलो, लई वढलं. तापलेलं लोखंड, हात सुटंना अन् झाकन बी सुटंना." भाजलेले हात मांडीवर उलटे ठेवून तो म्हणाला, "मग ठोकायचं थांबलं."

दानीएलनं त्याच्या हातांकडे पाहिलं. त्या दिवशी त्यानं पट गुंडाळला तो कायमचा.

घरी आल्यावर त्यानं मेरीला सांगितलं, "त्याच्याबरोबरचा पोरगा भेटला. गोळा बसला तवाच गेला म्हनं. कायसुदिक कळलं न्हाई त्याला."

मेरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "त्याला जेवाया बोलवा," ती म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

दानीएल पुन्हा देवळालीला गेला. मेरीला काय सांगायचं ते त्यानं भिमाजीला सांगितलं. भिमाजी म्हणाला, "यतो मी."

तो आला. बोटांवर येणाऱ्या लांब बाह्यांचा सदरा घालून आला. मेरीनं त्याला वाढलं आणि समोर बसली.

"मावशी, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला," भिमाजी खाली बघून म्हणाला. "वेदना न्हाई, काय न्हाई."

"तू बघितलंस?"

"व्हय. मी जवळच हुतो."

तेव्हा मेरी रडली, चार महिन्यांत पहिल्यांदा. मग पदरानं डोळे पुसून तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली. "जेव बाळा. लई उपकार झाले तुझे."

भिमाजी जेवत राहिला. दानीएल उठून बाहेर गेला आणि भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला. आत मेरी कितीतरी दिवसांनी यशयाच्या लहानपणाचं काहीबाही सांगत होती, आणि भिमाजी हुं हुं म्हणत होता.