पंक्चरीचं पाणी

माझं डोकं तापट हाये, हे आधीच सांगून ठेवतो. मागून कुणी म्हणायला नको की तातेरावानं फसवलं. सायकल दारात आणली त्या दिवशी आमची आशाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणली, "पन्नाशीला आलात, आता हिच्यावर बसून हातपाय तेवढे मोडून घ्यायचे राह्यलेत."

मी म्हणलो, "बैलाला पाणी पाजावं लागतं. हिला लागत न्हाई."

मी कुठं जायचं म्हणून राहिलो हे तिला बराबर ठाऊक होतं.

आमची एकुलती लेक मिरा आखाडा बाळापूरच्या अलीकडं एका कोसावरच्या गावात दिली. लग्नाला सहा वर्सं झाली होती. आमच्यात रीत अशी, की लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या सासरच्या गावचं पाणी प्यायचं न्हाई, मंग जेवणाचं तर नावच नको. दान केलेल्या लेकीच्या घरचं काही घेऊ नये म्हणतात. मिराला लेकरू झालं न्हाई. कुणी रीत ढिली पाळतं, मी कडक पाळली. माझी बैलंसुद्धा मी त्या गावात पाजली न्हाईत. मी गाडीनं जायचो, घटकाभर ओट्यावर टेकायचो, बरं हायेस का म्हणायचो, अन् बैलं तहानली म्हणून उठायचो. सहा वर्सांत लेक पोटभर पाह्यली न्हाई. एक दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, तिच्यापाशी बसावं, एवढंच माझ्या जिवाला लागलं होतं. म्हणून हिंगोलीच्या एका वकिलाची जुनी सायकल घेतली अन् महिनाभर खळ्यावर पडून पडून शिकलो.

शेजारच्या तांड्यावरचा थावरा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या आजानं बैलांवर मीठ अन् धान्य लादून सारा मुलूख पालथा घातलेला. तो म्हणला, "सरळ जायचं अन् सरळ यायचं, हे टपालवाल्याचं काम. कापूस येचून झाला, ज्वारी हुरड्यात हाये, काहून घाई करून राहिला? औंढा करू, जवळा बाजार करू, अन् मंग माझ्या आजाच्या बैलवाटेनं डोंगरातून तुझ्या लेकीचं गाव गाठू. चार दिस मजेत."

त्यानं हिंगोलीहून भाड्याची सायकल आणली. मी पितळेचा फिरकीचा तांब्या घासून घेतला, काठोकाठ भरला अन् हँडलला बांधला. लेकीच्या गावात दिवसभर पुरलं पाह्यजे ना! पुसाचा महिना होता. निघायच्या दिवशी मी पहाटेच धोतर कसून, पटका बांधून ओट्यावर बसलो, तर थावरा येऊन हसायला लागला. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! दिवस तर उगू दे."

काय सांगू तुमाला, ते तीन दिस सुखाचे गेले. औंढ्याच्या सडकेला दोहीकडं ज्वारी डोक्यावर उभी, मधी जवसाची निळी फुलं, अन् थंड वारं तोंडावर. चढ आला की उतरून ढकलायचं, उतार आला की पाय वर घेऊन आरोळी ठोकायची. पन्नाशीची दोन माणसं! निजामाचं राज होतं, सायकलीवर पटवारी न्हाईतर मास्तर फिरायचा. शेतातल्या बाया आमाला पाहून पदर सावरायच्या, जवळ गेलं की म्हणायच्या, "अगं बाई, हे तर आपल्यासारखेच हायेत." अन् खो खो हसायच्या.

नागनाथाचं दर्शन घेतलं. जवळ्याला आठवड्याचा बाजार भरला होता, तिथं सायकलीभोवती एवढी गर्दी झाली की एका म्हाताऱ्यानं हिला चारा काय घालता म्हणून इचारलं. थावरा म्हणला, "हवा खाती." म्हाताऱ्यानं मान हलवली अन् पुढं गेला. त्या राती एका शेतात हुरडा भाजला, गूळ अन् शेंगदाण्याची चटणी होती, मी एवढा खाल्ला की धोतराची गाठ सैल करायची येळ आली. थावरा आडवा पडून म्हणला, "तातेराव, आपण हे तिशीत काहून केलं न्हाई?" मी म्हणलो, "तवा अक्कल नव्हती." तो म्हणला, "आता तरी कुठं हाये."

चौथ्या दिवशी तांब्या पुन्हा भरून घेतला अन् डोंगराची वाट धरली. सागाची पानं वाळून खाली पडलेली, चाकाखाली कुरकुर वाजायची. थावरा पुढं. कुठं वळायचं, कुठं दगड हाये, त्याच्या आजानं सांगितलेलं त्याच्या तोंडपाठ. मी मनात मिराशी काय बोलायचं ते जुळवीत चाललो होतो. तिच्या आईनं काय काय सांगितलं, शेजारच्या जमनाबाईची सून कशी भांडली, पांढऱ्या गाईला गोऱ्हा झाला. तेवढ्यात उतार आला. थावरा ओरडला, "दाब, दाब!" काय दाबायचं हे ध्यानात येईस्तोवर मी करडीच्या रानात! करडीचे काटे काय असतात हे ज्याला टोचले त्यालाच कळतं. उठून पाह्यलं तर तांब्याची फिरकी उडालेली, पाणी सारं मातीत.

"भर की वाटेत," थावरा म्हणला.

पण वाटेतल्या ओढ्याला गुरांनी चिखल केलेला. दुसरा ओढा कोरडा. ऊन वर आलं, जीभ टाळूला चिकटली. अन् मिराच्या गावाच्या मारुतीपाशी आलो, तर पुढच्या चाकानं फुस्स केलं. बाभळीचा काटा. आली का पंचाईत!

थावरानं चाकातली नळी काढली, पंपानं हवा भरली. मी कानाला लावली, गालाला लावली, भोक सापडंना. "पाण्यात बुडवल्याबिगर कळायचं न्हाई," तो म्हणला, "बुडबुडा आला की तिथं ठिगळ. घमेलं आणतो."

"कुठून?"

"कुठून म्हंजे? तिकडून." अन् गेला बी तो, मी न्हाई म्हणायच्या आत.

मिराचं घर मारुतीपासून चौथं. ती सोताच आली, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेलं घमेलं, मागं तिची सासू सखुबाई अन् थावरा. बारीक झाली होती पोरगी. मला पाहून हसली, "आबा, सायकलीवर! आईनं सोडलं कसं तुमाला?" अन् घमेलं माझ्या पुढं ठेवायला वाकली.

मी म्हणलो, "थांब. हे पाणी परत ने बाई. थावरा शिवेपलीकडून आणील."

ती वाकलेली तशीच राह्यली. मंग सरळ उभी झाली, घमेलं छातीशी धरून. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं.

"आबा, तुमच्या रबराच्या नळीलाबी माझ्या घरचं पाणी चालत न्हाई?"

"रीत हाये मिरे. म्या कधी मोडली का? तुझ्याच मानासाठी..."

"माझ्या मानासाठी?" तिचा आवाज चढला. माझंच डोकं आलंय तिच्यात. "गल्लीत पाहा, आबा."

मी पाह्यलं. चार दारांत चार बाया उभ्या होत्या.

"तुमी आलात की त्या येतात. तुमी पाणी पिता का ते पाहायला. तुमी कोरडे गेलात की त्यांना कळतं, याही साली न्हाई. मला कुणी इचारत न्हाई, तुमाला पाहूनच समजतात. सासूबाईनं सहा वर्सांत मला एक शबुद लावला न्हाई. ह्यांनी लावला न्हाई. ह्या गावात मला वांझ म्हणलं ते फकस्त तुमी. दर खेपेला. ओट्यावर बसून."

थावरा नळी हातात घेऊन खाली पाहात होता. सखुबाई पुढं आली अन् "पोरी, बापाला असं..." म्हणून थांबली.

"अन् झालंच न्हाई लेकरू, तर?" मिरा म्हणली. आता ती रडून राहिली होती. "जन्मभर असे तहानलेले येणार अन् तहानलेले जाणार?"

आधी मला राग आला, खोटं काहून सांगू. भर रस्त्यात बापाला बोलती! बोलायला तोंड उघडलं, अन् तोंडात ओल नव्हती. समोर माझी लेक, डोळ्यांतून धारा, अन् हातातलं जड घमेलं खाली ठेवायला तयार न्हाई. सहा वर्सं मी हिला पाहायला येत होतो, अन् सहा वर्सं हिला दारात उभी करून जात होतो. माझ्या काळजाचं पाणी झालं.

मी उठलो. घमेल्यात दोन्ही हात बुडवले अन् ओंजळ तोंडाला लावली. एक प्यालो. दुसरी प्यालो. तिसरीनं सदरा भिजला. चारी दारांतल्या बायांनी पाह्यलं. पाहू दे, म्हणलं, नीट पाहा.

"आबा!" मिरा किंचाळली. "अहो, शेणाचं घमेलं हाये ते! नुस्तं विसळून आणलंय!"

"गोड लागलं," मी म्हणलो.

थावरा मटकन खाली बसला अन् नळी पोटाशी धरून हसत सुटला. सखुबाईनं पदर तोंडाला लावला. "इवाईबुवा," ती म्हणली, "घरात तांब्या हाये की."

"आणा की तो बी. अन् इहीणबाई, भाकरी टाका. माझ्या चार, ह्या थावराच्या सहा. आज मी दिवस मावळल्याशिवाय उठत न्हाई."

ती लगबगीनं घराकडं गेली. दारातल्या एका बाईला तिनं जाता जाता हाक मारली, "निर्मलाबाई, वाटीभर दही असंल तर दे गं, इवाई जेवायला हायेत." एवढ्या मोठ्यानं, की सारी गल्ली ऐकंल.

भोक थावरानं बुजवलं. मी मिराच्या चुलीपुढं पाट घेऊन बसलो. जावई सोनाजी शेतातून आला, मला जेवताना पाहून दारातच थबकला, अन् हात धुऊन माझ्या शेजारी बसला. मिरा भाकरी थापता थापता मला बोलत होती. शेणाच्या घमेल्यातलं कुणी पितं का, पोटात दुखलं तर काय करायचं, ह्या वयात डोंगरातून कुणी येतं का, आईचं कधी ऐकलं न्हाई, तुमाला सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी. मी खालमानेनं खात होतो. सहा वर्सं ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलली होती. त्या दिवशी माझी लेक दिवेलागणीपर्यंत माझ्याशी भांडली, अन् मी आणखी भाकर मागत बसलो.