पितळी दाताचं क्राऊन

सप्ताहात वीणा जमिनीला लावायची नाही. सात दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते, आणि ज्याच्या गळ्यात असते त्याच्या तोंडून नामाशिवाय दुसरा शब्द निघत नाही. सुलतानपुरात त्यावर आणखी एक कडक नेम होता. वीणा उपाशीपोटीच घ्यायची. एकदा पंगतीला बसला की त्या दिवशी त्या माणसाचा हात वीणेला लागत नसे, मग तो गावचा पाटील का असेना.

सुभद्राबाईला हा नेम लहानपणापासून पाठ. म्हणूनच तिने आपल्या दिराची गाडी खोलायला भर दुपारची पंगत निवडली.

सुभद्राबाईचा नवरा शालिग्राम आणि दीर अर्जुनराव यांनी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनाच्या मोडीतून दोन लाऱ्या आणल्या होत्या. पुढे दोघांपुरती बसायची जागा, मागे उघडा हौदा. दिसायला जुळ्या, पण पोटात फरक. मागच्या एक्सलात एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. ही जोडी एकमेकांत घासून बसलेली असते, टाळाला टाळ बसावा तशी. एक काढलं तर दुसरंही काढावं लागतं. शालिग्रामच्या गाडीतली जोडी सावकाशीची होती. सपाटीवर गाडी रेंगाळायची, पण मलकापूरहून भरून निघाली की राजूरचा घाट न थांबता चढायची. अर्जुनरावाची गाडी सपाटीवर हरणासारखी धावायची आणि घाटात मान टाकायची.

शालिग्राम तापाने गेला. तेरावं झालं आणि अर्जुनराव वहिनीला म्हणाला, "लारी उभी राहून गंजून जाईन. माझ्या वाड्यात लावतो, पाह्यतो तिच्याकडं." महिनाभराने गाडी परत आली ती धुऊनपुसून, हार घालून. सुभद्राबाईने डोळ्यांत पाणी आणून दिराला जेवू घातलं.

त्यानंतर ती गाडी घाट चढली नाही. सुभद्राबाईचा भाऊ कडूबा गाडी चालवायचा. अर्ध्या घाटात चाकामागे दगड लावून पोती उतरवायची त्याच्यावर पाळी यायची, आणि शेजारून अर्जुनरावाची लारी गुरगुरत वर जायची. जाताजाता अर्जुनराव हसून ओरडायचा, "कडूबा, बैल आणू काय बे?"

मेहकरच्या रज्जाक शेठचं मीठ शालिग्रामच वाहून आणायचा. शेठनं दोनदा निभावून घेतलं. तिसऱ्यांदा निरोप आला की एकादशीला मीठ घाटावर चढलं नाही तर काम अर्जुनरावाला. दुसऱ्याच दिवशी अर्जुनराव दारात. "वहिनी, मोडीत टाकण्यापेक्षा मले द्या ती गाडी. इंजन म्हातारं झालं." सुभद्राबाईच्या घरात ती लारी सोडून पोट भरणारं दुसरं काही नव्हतं. महायुद्धाच्या दिवसांत नवे सुटे भाग तर अकोल्यालाही दिसत नव्हते.

तिने देऊळगाव राजाहून कय्यूम मिस्तरीला बोलावलं. तोंडाचा फटकळ माणूस. त्याने मागची दोन्ही चाकं दगडांवर उचलली, टायरला खडूची रेघ मारली, टॉप गिअर टाकला आणि कडूबाला पुढून हँडल फिरवायला लावलं. रेघ एकदा फिरून यायला हँडलच्या किती फेऱ्या लागतात ते मोजलं. फेऱ्या कमी भरल्या तसा तो थुंकला.

"भाभी, इंजन तुमचंच हाये. पोट दुसऱ्याचं हाये."

खोलून पाहिलं. आतलं क्राऊन साफ, अखंड दातांचं. शालिग्रामच्या क्राऊनचा एक दात टवका उडून अर्धा झाला होता. तो कय्यूमनेच पितळ ओतून भरला होता. शालिग्राम लोकांना गमतीने सांगायचा, माझ्या लारीला सोन्याचा दात आहे. तो दात इथे नव्हता. आणि शालिग्रामची जोडी बसेल अशी दुसरी गाडी सबंध तालुक्यात एकच होती.

सुभद्राबाई दिराकडे गेली. अर्जुनराव ओट्यावर बसला होता, उठलाही नाही.

"एकदा खोलून दाखवा, भाऊजी. नसलं तर मी पाया पडून माफी मागतो."

"माझ्या गाडीच्या नटाले कोणी हात लावला ना, तर त्याचा हात जागेवर राह्यणार नाई. आन तुम्ही बाईमाणूस, एक्सलातलं तुम्हाले काय समजते? त्या देऊळगावच्यानं भरवून देलं!"

"मले घाट समजते," एवढंच बोलून ती परत आली.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी अर्जुनरावाने पंगतीची मोठी भांडी आपल्या लारीतून आणली आणि लारी मारुतीच्या मंडपासमोर लिंबाखाली लावली. वीणेचा दुपारचा पहारा त्याचा. त्याच्यानंतरचा कडूबाचा. पंगत बसली, सारा गाव जेवायला वळला. उपाशी राहिले दोघंच.

अर्जुनरावाने वीणा गळ्यात घालून डोळे मिटले. गळा गोड होता त्याचा, खोटं कशाला बोला. "रामकृष्णहरी" म्हणायचा तर जेवणाऱ्याचा घास हातात थांबायचा. आधीच जेवून घेतलेले दोन म्हातारे टाळकरी त्याच्या बाजूला डुलत होते.

डोळे उघडले तेव्हा त्याच्या लारीखालून चार पाय बाहेर आलेले होते.

"रामकृष्णहरी," तो म्हणाला.

लारीच्या मागच्या बाजूला दगडांची चवड लागली. एक चाक सुटून गडगडत लिंबाला टेकलं. अर्जुनरावाची मान ताठ झाली. "रामकृष्णहरी!" हा जरा वरच्या पट्टीतला. दुसरं चाक सुटलं. "रामकृष्णहरी! रामकृष्णहरी!" कय्यूमने लांब दांडा ओढून बाहेर काढला आणि धुळीत फेकला. आता अर्जुनराव नाम घेत नव्हता, नामाने शिव्या देत होता. टाळकऱ्यांना वाटलं रंग चढला; त्यांनीही लय धरली. वाढायला आलेल्या अन्नपूर्णाबाईने पदर सावरून हात जोडले. "अर्जुनाले आज देव भेटून राह्यला गं माय!"

सप्ताहाचे मुख्य नारायणराव पंगतीतून तसेच उठून आले. हाताला वरणभात.

"काय चालवलं बे हे? हरिनाम चालू हाये आन तुम्ही गाडी खोलून राह्यले?"

"ज्याची वस्तू त्याले देऊन राह्यलो," लारीखालून कय्यूम बोलला. "तुम्ही जेवा, भात थंडा व्हऊन राह्यला."

"सुभद्रे, देवाच्या दारात चोरी करतं?" अन्नपूर्णाबाईला आता कळलं होतं.

सुभद्राबाई लारीला पाठ लावून उभी होती. "चोरी कोणाची, ते निघू द्या भायेर. मंग जे म्हणायचं ते म्हणा. नसलं निघत तर माझी गाडीबी भाऊजींची. साऱ्या गावासमोर सांगतो."

अर्जुनराव मंडपाच्या काठापर्यंत आला. वीणा मंडपाबाहेर न्यायची नाही. त्याने नारायणरावांकडे पाहून वीणेचा पट्टा खांद्यावरून उचलला, घ्या म्हणून. नारायणरावांनी दोन्ही हात वर केले. बोटांवर वरण वाळत होतं. अर्जुनरावाने पंगतीकडे पाहिलं. तिथे शे-दीडशे माणसं त्याच्याकडे पाहत होती, आणि प्रत्येकाचा हात उष्टा होता. मग त्याने लारीच्या बाजूने पडलेल्या पायांकडे पाहिलं. त्यातले दोन उपाशी माणसाचे होते. पण ते कडूबाचे.

पट्टा खांद्यावरून अर्धा उतरलेला होता. खाली सारवलेली जमीन हातभर अंतरावर. तिथे वीणा टेकवायची आणि चार ढांगांत लारी गाठायची, इतकंच काम. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या लोकांनी पाहिल्या. मग त्याने पट्टा परत खांद्यावर चढवला आणि मागे वळून मारुतीसमोर उभा राहिला. नामाचा आवाज खाली आला, पण थांबला नाही.

तेवढ्यात कय्यूम आणि कडूबाने एक्सलाच्या पोटातलं जड धूड ओढून बाहेर काढलं. काळं तेल भळभळ धुळीत गेलं. कय्यूमने सदऱ्याच्या बाहीने क्राऊन पुसलं, बोटाने दात फिरवत गेला आणि थांबला. उन्हात एक दात पिवळा चमकला.

"शालिग्रामचा सोन्याचा दात!" पंगतीतून कोणीतरी बोललं. अन्नपूर्णाबाईच्या पळीतला भात पत्रावळीच्या बाहेर पडला.

पहारा बदलायची वेळ झाली तसा कडूबा विहिरीवर गेला, अंग घासून आंघोळ केली, धूतवस्त्र नेसला आणि मंडपात आला. नेमाप्रमाणे वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, वीणा घ्यायची, आलिंगन द्यायचं. कडूबाने डोकं ठेवलं. असं ठेवलं, जसा माणूस दगडावर नारळ आपटतो. अर्जुनरावाने पट्टा त्याच्या गळ्यात घातला, छातीला छाती लावली आणि कानात म्हणाला, "आता तुह्या गळ्यात हाये."

कडूबाला ते कळेपर्यंत उशीर झाला. तोंडून आता नामच निघणार. त्याची बहीण तिकडे लिंबाखाली, आणि अर्जुनराव मंडपाच्या पायऱ्या उतरत होता.

लारीखालची पहार त्याने उचलली. कय्यूम हातात पाना घेऊन सरळ उभा राहिला. "ये, अर्जुनराव. घाटात हसलास तसा हास एकदा."

"तू बाजूले होय. हे आमच्या घरचं हाये."

सुभद्राबाई खाली बसली आणि ते तेलाने माखलेलं क्राऊन तिने ओढून मांडीवर घेतलं. लुगडं काळं झालं. "घ्या, भाऊजी. न्या उचलून."

दिराने वहिनीच्या मांडीवरची वस्तू उचलायची तरी कशी? अर्जुनराव पहार धरून दोन पावलं अलीकडेच थांबला.

"दादानं मले कबूल केली होती ही जोडी," तो ओरडला. "भावाची वस्तू भावानं घेतली. चोरी काऊन म्हणता?"

"मंग भाऊ जित्ता होता तवर मागायची होती. मले इचारायची होती. इंजन म्हातारं झालं, असं काऊन सांगलं?"

"तुम्हाले चालवता येते काय धंदा? बुडालाच असता! घरातच राह्यला असता, माझ्याजवळ!"

"तुमच्याजवळ राह्यला असता. घरात नाई."

अर्जुनरावाने पहार टाकली. बोट तिच्याकडे रोखलं. "वहिनी, आजपासून तुमचं आमचं सुतकबी तुटलं. तुमच्या घरी कोणी मेलं तर आम्ही डोक्यावर पाणी घेणार नाई. आमच्याकडं मेलं तर तुम्ही येऊ नका."

पंगतीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. रक्ताच्या माणसांत याहून मोठी शिवी नाही.

"तुटलं," सुभद्राबाई म्हणाली. "तेराव्याचं जेवून माझी गाडी खोलली, त्याच दिवशी तुटलं. मले आज समजलं एवढंच."

कय्यूमने दोन्ही गाड्या दिवेलागणीपर्यंत बांधल्या. अर्जुनरावाची स्वतःची जोडी त्याच्या गाडीत घातली, तेलही भरलं. अर्जुनराव शेवटपर्यंत दहा पावलांवर उकिडवा बसून होता, एकेक नट मोजत. "ढिला ठेवला त्यो, डाव्या बाजूचा." "माझ्या हातचा नट ढिला नसते." "पाह्यला मी तुहा हात." असं चाललं. पाणी कोणी कोणाला दिलं नाही.

एकादशी सप्ताहाच्या सहाव्या दिवशी आली. कडूबा आदल्या दिवशीच मलकापूरला गेला होता. दुपारची पाळी फिरून अर्जुनरावाची आली होती, त्याच्यानंतर कडूबाची. तो येणार नाही अशीच पैज लागली होती, पण तो आला. अंगावर धूतवस्त्र, पोटात काही नाही. आदल्या वीणेकऱ्याच्या पाया पडून वीणा घेतली आणि मारुतीसमोर उभा राहिला. ओट्याच्या एका टोकाला सुभद्राबाई बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिने त्याच्याकडे.

पहारा संपला. कडूबा आला नव्हता. नारायणरावांनी मुद्दाम एकादशीचा फराळही केला नव्हता; ते पुढे होऊन म्हणाले, "दे इकडं. पोट्टा घाटात अडकला असन." अर्जुनरावाने मान हलवली. नाम चालूच. ऊन मंडपातून सरकून बाहेर गेलं. पाय बदलत तो उभाच. नारायणराव पुन्हा आले, पुन्हा तीच मान. कोणाला वाटलं हट्ट, कोणाला वाटलं पश्चात्ताप. मला वाटतं, त्याला फक्त ऐकायचं होतं.

मेहकरच्या बाजूने आवाज आला. रिकामी गाडी खडखडते, भरलेली गंभीर बोलते. ही भरलेली होती, आणि सावकाश, एका सुरात, दम न टाकता येत होती. हा आवाज सुलतानपुरात सगळ्यांत जास्त ओळखीचा कुणाला असेल तर वीणा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. त्याचं नाम एका क्षणासाठी अडखळलं. टाळकऱ्याने वर पाहिलं. मग परत लागलं.

लारी लिंबाखाली थांबली. रज्जाक शेठचं मीठ मेहकरात उतरवून गावाच्या वाट्याची पोती कडूबाने पुढे आणली होती. सुभद्राबाई उठली, पोत्यांना हात लावून पाहिला आणि पदराने तोंड पुसलं.

कडूबा आंघोळ करून ओल्या केसांनी मंडपात आला. पायावर डोकं ठेवलं, या वेळी रीतीप्रमाणे. अर्जुनरावाने गळ्यातली वीणा काढून त्याच्यापुढे धरली, पण पट्टा अजून सोडला नाही. पाय सुजले होते त्याचे.

"उशीर केला बे."

वीणा दोघांच्या हातांत होती, अजून कुणाच्याच गळ्यात नव्हती, म्हणून कडूबाही बोलायला मोकळा होता. "भरून आलो. रिकामा नाई."

अर्जुनरावाने पट्टा त्याच्या गळ्यात सोडला, नेमापुरती छाती लावली आणि वहिनीच्या बाजूची पायरी टाळून दुसऱ्या पायरीने उतरून गेला.