तांब्याचा बगळा, फक्त उजव्या कानाने

चैतालीला बघायला मुलगा आला आणि त्याने विचारलं, "तुम्ही काय ऐकता?"

गुजरातेतल्या बमरोलीच्या मराठी वस्तीत आजवर कुठल्या मुलाने कुठल्या मुलीला हे विचारलं नव्हतं. स्वयंपाक विचारतात, शिक्षण विचारतात, फार तर चष्म्याचा नंबर विचारतात. चैताली जागच्या जागी निम्मी विरघळली. उरलेली निम्मी विरघळायच्या आत प्रज्ञेशने त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच द्यायला घेतलं, आणि ते उत्तर पुढे दोन महिने चाललं.

प्रज्ञेश मेश्राम राहायला कामरेजला आणि नोकरीला हजीऱ्याला. कंपनीच्या बसमध्ये बाकीची माणसं तोंड उघडं टाकून झोपतात. प्रज्ञेशने त्या वेळात रसिकता कमावली होती. अमेरिकेत 'कॉपर हेरन' नावाचा एक बँड आहे. त्यात एकजण बँजो वाजवतो, दुसरा बास गिटार वाजवतो, आणि दोघंही इतकं भयंकर चांगलं वाजवतात की ऐकणाऱ्याला आपले हात खिशात लपवावेसे वाटतात. गुजरात राज्यात हा बँड खऱ्या अर्थाने कळलेला माणूस एकच आहे, आणि तो आपण, असं प्रज्ञेशचं नम्र मत होतं.

"म्हंजे काय होते त्याचं?" श्रीपतने विचारलं. श्रीपत म्हणजे चैतालीचा बाप. एरवी कापडाच्या लूमवर कामाला, आणि लग्नसराईत स्वतःची बँजो पार्टी घेऊन वरातीपुढे.

"नावाचा अर्थ लावायचा नसतो, काका."

"तांब्याचा बगळा," चैताली म्हणाली.

"बगळ्यात बँजो हाय ना पण?" श्रीपत खूश झाला. "मंग त आपण एकाच धंद्यातले!"

"नाही काका," प्रज्ञेश हसला. लहान मुलाने चप्पल उलटी घातल्यावर हसतात तसा. "त्यांचा बँजो वेगळा. तुम्ही वाजवता तो म्हणजे तारा लावलेला टाइपरायटर."

श्रीपतही हसला, कारण तीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं. चैतालीला पूर्ण ऐकू आलं. खरं तर तिचंही मत फार वेगळं नव्हतं. बाबांचा बँजो म्हणजे सुरात पडलेली भांडी. पण घरच्या भांड्यांना नावं ठेवायला घरची माणसं पुरेशी असतात.

तरी स्थळ पुढे सरकलं. मध्यस्थ बाबुरावमामांनी, जे स्वतः श्रीपतच्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कामाला होते, मुलाचे गुण हात वर करून मोजले: पीत नाही, खात नाही, थुंकत नाही. न करण्याच्या एवढ्या गोष्टी एका माणसात एकत्र सापडणं कठीण. श्रीपत लेकीला म्हणाला, "साक्षगंधापर्यंत तुहं तोंड तुहं. अंगठी चढली का मंग लोक मले विचारतीन."

तेव्हापासून फोन सुरू झाले.

"कुठवर आलात?" प्रज्ञेश बसमधून विचारायचा.

"उधना दरवाजा."

"मी बँडचं विचारतोय."

मग शिकवणी. "कुठून सुरुवात करायची यालाच सगळं महत्त्व आहे. अडाणी माणसं पहिल्या अल्बमपासून सुरू करतात आणि कायमची वाया जातात. तुम्ही तिसरा घ्या. तिसऱ्यातलं चौथं. त्यात बँजो डावीकडे आहे, बास उजवीकडे. सुरुवातीला फक्त उजव्या कानाने ऐका."

"आणि डाव्या कानाचं काय करू?"

"त्याची अजून तयारी नाही."

चैताली रिंग रोडच्या कपडा मार्केटमध्ये एका दुकानासाठी मोबाइलसमोर उभी राहून साड्या विकायची. "बेन, आ जुओ, एकदम लाइट वेट," असं दिवसभर. तिकडे एक साधा नियम होता. गिऱ्हाईक बोट दाखवेल ती साडी काढायची. आधी हिरवी बघा, मग निळीची लायकी येईल, असं एखाद्या बाईला सांगितलं असतं तर ती बाई, तिची नणंद आणि दुकानाचा शेठ असे तिघं मिळून अंगावर आले असते.

म्हणून तिने एका दुपारी, साड्यांना पिना लावता लावता, पहिला अल्बम उघडला. पहिलं गाणं. दोन्ही कान. ज्याची तयारी होती तोही आणि ज्याची नव्हती तोही.

आणि घोटाळा झाला. ते अफाट निघालं. बँजो म्हणजे हातातून निसटलेली बॉबिन जिन्यावरून गडगडत जावी तसा, दर पायरीला नवी उडी घेत. आणि बास म्हणजे जिन्याच्या तळाशी निवांत उभा असलेला माणूस, बॉबिन कुठे पडणार हे ज्याला आधीच माहीत आहे. चैतालीने हातातली पीन साडीऐवजी स्वतःच्या ओढणीला लावली आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

तिला फार राग आला. नालायक माणसाची आवड नालायक असली की सोपं जातं. इथे आवड उत्तम होती आणि त्या आवडीच्या दारात हा बसला होता, तिकीट तपासायला.

"नाही सांगून टाक ना मग," तिची मामेबहीण राखी म्हणाली.

"कारण काय देऊ?"

राखीने विचार केला. "हां. डाव्या कानावरून लग्न मोडलं म्हणतील. आपल्यात हुंड्यावरून मोडतं, पत्रिका आपण बघत नाही. कानावरून पहिलंच."

साक्षगंध बमरोलीतल्याच समाजाच्या हॉलमध्ये ठेवलं. कामरेजहून मुलाकडची माणसं गाडी करून आली. इकडून श्रीपतच्या खात्यातले सगळे लूमवाले धुतलेल्या शर्टांत येऊन बसले. त्रिशरण-पंचशील झालं, साडी दिली, आता अंगठ्या. मागे पुलावाचं झाकण कुणीतरी उगाच उचलून परत ठेवलं.

तेवढ्यात प्रज्ञेश उभा राहिला. त्याच्या हातात अंगठी नव्हती, स्पीकर होता.

"अंगठीआधी सर्वांनी एक रचना ऐकावी अशी माझी इच्छा आहे. जेवण त्यानंतर."

"केवढं हाय गाणं, जावईबापू?" बाबुरावमामांनी विचारलं.

"एकोणीस मिनिटं. पण त्याआधी, ऐकायला सुरुवात कुठून करावी, हे थोडक्यात सांगतो."

त्याने थोडक्यात सांगितलं. पुलावाची वाफ संपली. मग गाणं लागलं.

लूमवाल्या माणसांची एक सवय असते. खडखडाट चालू आहे तोवर तो माणूस बिनघोर; वाटलं तर उभ्याने डुलकी काढेल. आवाज थांबला की मात्र तो झोपेतूनही उठतो, कारण थांबला म्हणजे कुठेतरी धागा तुटला. आणि 'कॉपर हेरन'च्या त्या रचनेची खुबीच अशी होती की दोघं वादक जिवाच्या आकांताने वाजवत यायचे आणि एकदम, एका क्षणी, गप्प.

पहिल्यांदा गप्प झाले तशी दोन रांगा उठून उभ्या राहिल्या.

"बसा!" प्रज्ञेश ओरडला. "संपलं नाही!"

"मंग बंद काऊन पडलं?"

"ती शांतता आहे, मामा. तीसुद्धा वाजवलेली आहे."

"आमच्याकडं शांतता झाली का मालक येते," बाबुरावमामा म्हणाले आणि नाइलाजाने बसले.

बँजो पुन्हा सुटला. माणसं सैलावली. पुन्हा गप्प. पुन्हा दोन रांगा उभ्या. चौथ्या वेळी तर गणपतकाका नावाचे म्हातारे गृहस्थ सरळ स्पीकरपाशी गेले, तो उचलून मागून बघितला आणि जाहीर केलं, "तुटलेलं त काई दिसत नाही." वाढपी पोरांनी ही खूण समजून पत्रावळी मांडल्या. प्रज्ञेशने त्या उचलल्या. पोरांनी परत मांडल्या. त्याचा रुमाल कपाळावर, शर्ट पाठीला, आणि आवाज हॉलच्या छताला लागला.

"ही लायकी आहे! हे ऐकायला जगात लोक रांगा लावतात, आणि इथे... टाइपरायटरवाले!"

या वेळी स्पीकरमध्ये नेमकी शांतता वाजत होती. त्यामुळे श्रीपतला पूर्ण ऐकू आलं. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, आणि न खाताच बंद केली.

"चैताली," प्रज्ञेश वळला, "तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही रीतसर सुरुवात केलीय."

चैताली उभी राहिली. नव्या साडीला अजून दुकानाची घडी होती.

"मी पहिल्या अल्बमपासून ऐकलं," ती म्हणाली. "पहिल्या गाण्यापासून. दोन्ही कानांनी. साड्यांना पिना लावत."

प्रज्ञेशचा चेहरा असा झाला, जणू तिने आधीचं लग्न कबूल केलं होतं.

"दोन महिने तुम्ही मला फसवलंत?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही सांगत होतात."

"मग आज अंगठी नको." त्याने स्पीकर छातीशी धरला. "सहा महिने थांबू. तोवर काहीही ऐकू नका. कान कोरे होऊ द्या. मग मी सांगेन तिथून पुन्हा—"

"मला बगळा आवडला," चैताली म्हणाली. "मनापासून. मी तो जन्मभर ऐकेन. तुम्हाला नाही ऐकणार. सहा महिने कशाला, अंगठी कायमचीच नको."

हॉलमध्ये कुणी उठलं नाही. सगळ्यांनी श्रीपतकडे पाहिलं. ज्याची त्याला दोन महिने कल्पनाही नव्हती ते झालं होतं, आणि उद्या खात्यात, लूमच्या आवाजावर ओरडून, त्यालाच हे प्रत्येकाला समजावायचं होतं.

श्रीपतने घसा साफ केला. "तोंड तिचं हाय," तो म्हणाला. "अंगठीच्या आधी उघडलं. वाढा रे."

प्रज्ञेश स्पीकर घेऊन गाडीत जाऊन बसला. मुलाकडची बाकी माणसं मात्र जागची हलली नाहीत, कारण पुलावाचं झाकण आता खरोखरच उघडलं होतं. चैताली हातात पुऱ्यांचं ताट घेऊन वाढायला निघाली. काय करावं ते कळत नव्हतं, आणि हात रिकामे नको होते. पंगतीत प्रज्ञेशची आई सीताबाई बसली होती. चैताली तिच्यासमोर येऊन थांबली.

"मावशी, राग मानू नका."

सीताबाईने मान वर केली. पोरीला नीट, वरून खालपर्यंत पाहिलं.

"राग कायचा? मी त्याले जन्मल्यापासून ऐकून रायली. तुहं दोन महिन्यांत उरकलं." तिने पत्रावळ पुढे सरकवली. "दोन पुऱ्या जास्तीच्या टाक बाप्पा. गाडीत कामरेजपावतर त्याच्या बाजूची सीट माहीच हाय."