सूर्यावरून गेलं ते मी पाहिलं

मी सोलर फिल्टर बोलतोय. दुर्बिणीच्या तोंडावर बसवतात ना, तो. लोक मला काळी काच म्हणतात. मी काच नाही आणि काळाही नाही. चिवड्याच्या पुडीची आतली बाजू असते ना, तसा चकचकीत पातळ कागद आहे मी. माझ्यातून सूर्य सोडला तर काही दिसत नाही. झाडं, डोंगर, माणसं, सगळा अंधार. माणूस ओळखायला मी चुकलो, त्याला हेही कारण असेल.

माझा जन्म कुपवाडचा. पुष्करचं तिथं धातू कातायच्या लेथचं छोटं शेड आहे. त्यानं ॲल्युमिनियमची कडी कातली आणि उमानं श्वास रोखून मला कापून तिच्यात बसवलं. उमा विश्रामबागच्या कॉलेजात गणित शिकवते. दोघं शिकत असल्यापासूनचे मित्र. तिनं गणित करायचं, त्यानं फोटो काढायचा. अशी जोडी जिल्ह्यात नसेल असं मला वाटायचं. किती भोळा होतो बघा.

दोघांना वेड एकच. माणसं राहतात ते अंतराळ स्थानक कधीतरी बरोबर सूर्यासमोरून जातं. पण ते सगळीकडून दिसत नाही. जमिनीवरच्या एका अरुंद पट्ट्यात उभं राहिलं तरच दिसतं, तेही डोळा मिचकावेपर्यंत. तो पट्टा कुठून जाईल ते उमा काढायची. स्थानकाची वाट जराशी बदलली तरी पट्टा कित्येक मैल सरकतो, म्हणून त्याच दिवशी सकाळी गणित पुन्हा तपासायचं, हा तिचा नियम. वाईला गेलो, साताऱ्याला गेलो, दर वेळी ढगांनी घोळ घातला.

यंदा पट्टा पलूसजवळ आप्पासोंच्या रानावरून जात होता. आप्पासो मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता इकडं जमीन करून राहिलेत. उमा परवानगी मागायला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो.

"सूर्याच्या तोंडावरनं माणसं जाणार म्हंतीस?" आप्पासोंनी विचारलं.

"होय आप्पा. नुसता ठिपका दिसेल, पण दिसेल."

"मग गाव बोलावतो. आमाला हितं अजून उपरी म्हंत्यात. एकदा बघू देत आमच्या रानात येऊन. पर पोरी, माझा शब्द जाईल बघ."

"नाही जाणार," उमा म्हणाली.

स्थानक जाणार होतं त्या दिवशी उमा छोटी दुर्बीण घेऊन पुढं गेली. पुष्कर मोठी दुर्बीण, कॅमेरा आणि मला घेऊन मागून येणार होता. त्या रानात फोन लागतो, पण नेट चालत नाही. म्हणून सकाळचं तपासणं तिनं त्याच्यावर सोपवलं होतं.

पुष्करनं तपासलं. पट्टा तासगावकडं सरकला होता. तो स्वतःशीच म्हणाला, "एवढी माणसं घेऊन हलायचं म्हणजे बोंबललंच सगळं." आता तो उमाला फोन करेल असं मला वाटलं. त्यानं केलाही.

"उमा, माझी गाडी बंद पडलीय गं. तू थांब तिथंच. जागा तीच आहे."

मग गाडीला किक मारून तो तासगावच्या रस्त्याला लागला. एका माळावर दुर्बीण उभी केली, मला तिच्या तोंडावर बसवलं. आणि ते गेलं. सूर्याच्या अगदी मधून, पंख असलेला इवलासा काळा ठिपका. याच्यासाठीच उमानं मला कापलं होतं. मी ते पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटो पेपरात आला. खाली नाव एकट्या पुष्करचं. त्याच संध्याकाळी उमा पेपर घेऊन शेडवर आली.

"गाडी नंतर सुरू झाली," पुष्कर म्हणाला, "मग पलूसच्या अलीकडंच काढला."

"फोटोत ते मधोमध गेलंय, पुष्कर. मधोमध कुठून दिसतं हे तू मला सांगणार? फोटोवरून उलटं गणित केलं मी. तासगावच्या माळावर होतास तू."

त्यानं लेथवरचा कचरा झाडायला घेतला. "तुझंही नाव टाकायला सांगतो."

"नाव घाल चुलीत. तिथं सगळं गाव छोट्या दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलेला सूर्य बघत बसलं होतं. आप्पांच्या बायकोनं, बयाबाईंनी, सगळ्यांना चहा केला. काही गेलं नाही. लोक हसले. 'आप्पा, तुमची मेंढरं बी आभाळात चरत्यात काय,' म्हणाले. आप्पांनी मात्र दुर्बीण उचलून गाडीपर्यंत आणून दिली. मला वाटलं माझं गणित चुकलं. मी त्यांची माफी मागून आले रे. आता तू जा आणि त्या माणसांसमोर सांग, की जागा सरकलेली तुला माहीत होती."

"जातो," पुष्कर म्हणाला.

ती मला बरोबर नेईल असं वाटलं होतं. तिनं हातात घेतलं, कडीवरची धूळ पुसली आणि परत ठेवलं. "हा राहू दे इथंच. मला बघवणार नाही." पुष्करच्या खोटेपणापेक्षा ते मला जास्त लागलं. मी काय केलं होतं?

पुष्कर गेला नाही, आणि उमा त्याच्या शब्दावर विसंबून असणार. तो फोटो फ्रेम करून शेडमध्ये लावलाय आणि शेजारच्या खिळ्याला मी. येणारे कौतुक करतात, तो मान हलवतो. लोखंडाच्या कचऱ्यानं माझ्या अंगावर ओरखडा पडलाय. डोळे राखायला जन्मलो आणि आता माझ्यातून बघणाऱ्याचा डोळा जाईल. मला कुणी वापरू नका.

पण कधी पलूसकडं गेलात, तर आप्पासोंचं रान विचारा. कुणीही हसत हसत वाट दाखवेल. त्या हसण्याकडं लक्ष देऊ नका. आप्पासोंना एवढंच सांगा, की ते गेलं होतं, त्यात माणसं होती, आणि पोरीनं तुम्हाला फसवलं नाही. पुष्कर सांगेल म्हणून थांबू नका. मी थांबून बघितलंय.