आधी रायफल होती

रॉयसने स्वतः जोडलेलं पिस्तूल कौतुकाने हॉलिसकाकांच्या दुकानात टेबलावर ठेवलं. काकांची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती.

"नळी आखूड, खांद्याचा दस्ता नाही. झालं ना पिस्तूल?" रॉयसने विचारलं.

"बंदुकीचा सांगाडा कोराच घेतला होतास? आधी काहीच न जोडलेला?"

"अगदी कोरा. फक्त हरणांच्या मोसमात लांब नळी नि दस्ता लावून पाहिला होता."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू आधी रायफल केलीस, शहाण्या. आधी पिस्तूल केलं असतंस, तर पुढे रायफल करून परत पिस्तूलही करता आलं असतं. रायफलीची नळी सरकारी मंजुरीवाचून आखूड केली, तर सरळ तुरुंग."

तेवढ्यात दाराशी शेरीफची गाडी थांबली. रॉयसच्या घरी सात महिन्यांची पोटुशी बायको होती.

"नळीच्या पिना काढ," काका हळूच म्हणाले. "ही नळी तुझ्या घरी जायची नाही, मी विकून टाकतो."

रॉयसने पिना काढल्या. काकांनी नळीचा भाग उचलून आपल्या फळीवर ठेवला. दुरुस्तीला दिलेली आपली शिकारीची बंदूक न्यायला आलेला शेरीफचा डेप्युटी उरलेल्या सांगाड्याकडे बघत म्हणाला, "काय बनवतोयस, बाबा?"

"रायफल," रॉयस म्हणाला. "लांब नळीची."